गळा दिसतो तेव्हा

मागच्या महिन्यात वर्गातल्या एका मुलीच्या आईचा फोन आला. आवाजात राग नव्हता, काळजी होती. "ताई, ती म्हणते शनिवारी क्लासला तुम्ही सगळ्या टीव्ही बघता. परीक्षा तोंडावर आलीये, म्हणून विचारलं." मी तेव्हा दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं, पण फोन ठेवल्यावर ते मलाच पुरेसं वाटलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. पोस्ट लांबणार आहे.

पुण्यात मी गेली तीस वर्षं सुगम संगीत शिकवते. शनिवारी संध्याकाळी शेवटचा तास आम्ही गात नाही, हे खरं आहे. पेट्या मिटवतो, सतरंजी टीव्हीकडे ओढतो आणि कुणातरी लोकप्रिय गायकाचा, टीव्हीसाठी चित्रित झालेला जुना कार्यक्रम लावतो. साधारण १९६० ते १९८५ या काळातला. भाषा कुठलीही चालते. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, अगदी अरबीसुद्धा. अटी दोनच. गाणारा माणूस त्या क्षणी खरोखर गात असला पाहिजे, आणि कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचा. मधेच पुढे ढकलायचा नाही.

याचं मूळ माझ्या लहानपणात आहे. आम्ही सदाशिव पेठेत एका वाड्यात राहायचो. अकरा बिऱ्हाडं आणि टीव्ही एकच, मालकांकडे. कौलांवर अँटेना आणि तिचं तोंड सिंहगडाकडे, कारण मुंबई केंद्राचे कार्यक्रम आमच्यापर्यंत गडावरच्या मनोऱ्यावरून यायचे. पावसाळ्यात वारं सुटलं की पडद्यावर मुंग्या यायच्या. मग कुणीतरी वर चढायचं आणि खालून सगळा वाडा ओरडायचा, "आलं, आलं... गेलं!"

एका संध्याकाळी त्या टीव्हीवर एक बाई भावगीत गात होत्या. गाणं मला तोंडपाठ होतं, पुणे आकाशवाणीवर कितीतरी वेळा ऐकलेलं. पण गाणाऱ्या माणसाला मी इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. गणपतीतल्या कार्यक्रमांना आम्ही मुलं मांडवाच्या पार मागे असायचो. तिथून दिसायची ती फक्त साडी आणि माईक. इथे कॅमेरा बाईंच्या चेहऱ्यावर आला आणि थांबला. अंतऱ्याच्या तोंडाशी त्यांच्या गळ्याची शीर जराशी वर उठली, नाकपुड्या फुलल्या, खांदे मात्र तसूभरही हलले नाहीत, आणि ओळ आली. मी बारा वर्षांची होते. मोठे गायक श्वास घेतच नसावेत, असं मला तोवर वाटायचं.

त्या रात्री मी आईच्या आरशासमोर उभी राहून खांदे न हलवता श्वास घ्यायचा प्रयत्न करत होते. पुढे माझ्या गाण्याच्या बाईंनी हेच मला दोन वर्षं खपून शिकवलं. पण ते असू शकतं, हे मला त्या पडद्यानेच आधी दाखवलं होतं.

या जुन्या कार्यक्रमांची ओढ लोकांना का वाटते, यावर बहुतेक जण आठवणींचं कारण देतात. मला ते पटत नाही. माझ्या वर्गातल्या मुली सतरा-अठरा वर्षांच्या आहेत. त्यांना त्या काळाची आठवण असायचं कारणच नाही, तरी त्या श्वास रोखून बघतात. माझं म्हणणं असं आहे की त्या काळच्या टीव्हीने एक गोष्ट केली, जी रेडिओने केली नव्हती, नाट्यगृहाला जमत नव्हती आणि आज आपण स्वतःहून टाकून दिली आहे. त्याने गाणं घडताना दाखवलं. गळ्यातून, ओठांतून, कपाळावरच्या आठीतून, एका सलग नजरेने.

ही काही कुणाची थोर कल्पना नव्हती, नाइलाज होता. तेव्हाचे स्टुडिओतले कॅमेरे चित्र टिपणाऱ्या काचेच्या नळीवर चालायचे आणि चांगलेच जड असायचे. चाकांच्या घोडीवर बसवलेले असे तीन-चार कॅमेरे म्हणजे सगळी सामग्री. ते सरकायचे सावकाश, आणि सरकताना आवाज होऊन चालायचं नाही. टेपचं संपादन कटकटीचं आणि खर्चाचं. त्यामुळे आत बसलेल्या निर्मात्याला गाणं आधी पूर्ण ऐकावं लागायचं. ध्रुवपद कुठे परत येतं, तबला कुठे उठाव घेतो, अंतरा कुठे चढतो हे माहीत असल्याशिवाय कॅमेरा कुठे ठेवायचा ते ठरवताच यायचं नाही. एकदा चेहऱ्यावर गेलेला कॅमेरा मग मिनिटभर तिथेच राहायचा. एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाताना दोन्ही चित्रं क्षणभर एकमेकांत मिसळायची: गायिकेच्या चेहऱ्यावर तबल्याची बोटं. तंत्राच्या खुणाही किती सुंदर होत्या! नळीच्या कॅमेऱ्यात उजळ वस्तू हलली की तिच्या मागे प्रकाशाची शेपटी राहायची. गायिकेने मान वळवली की कानातल्या कुड्यांच्या मागे ती शेपटी अर्धा क्षण रेंगाळते. माझ्या मुली तिला 'धूमकेतू' म्हणतात.

आणि यातला एक धागा आपल्या गावातूनही जातो, हे पुणेकरांनी लक्षात ठेवावं असं मला वाटतं. टीव्हीचं शिक्षण देणारा विभाग १९७४ साली दिल्लीहून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आला, आणि दूरदर्शनमधली कितीतरी माणसं तिथे, प्रभातच्या जुन्या आवारात, हे काम शिकून गेली. लॉ कॉलेज रोडवरून जाताना मला दर वेळी ते आठवतं. गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर किती वेळ थांबायचं, हे कुणीतरी कुणालातरी इथे शिकवलं असेल.

आता आम्ही काय बघतो ते सांगते.

पहिल्या शनिवारी मी नेहमी फ्रँक सिनात्रा लावते. १९६५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत एनबीसी या वाहिनीवर त्याचा तासाभराचा कार्यक्रम झाला. पन्नाशी गाठायला त्याला काही आठवडेच उरले होते. चित्रीकरण सुरू झालं तेव्हा त्याला सर्दी झाली होती. आवाज साथ देईना, म्हणून ते थांबवावं लागलं आणि नंतर पुन्हा करावं लागलं. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगते, कारण परीक्षेच्या आठवड्यात ज्या मुलीचा घसा बसतो, तिला वाटतं की आता जगच बुडालं. मग आम्ही बघतो. हा माणूस ओळीच्या शेवटी श्वास सांडून देत नाही. शब्द संपल्यावरही नाद थोडा हातात ठेवतो आणि त्याच नादावरून पुढच्या ओळीत उतरतो. तरुणपणी तो टॉमी डॉर्सीच्या वाद्यवृंदात गायचा. डॉर्सी ट्रॉम्बोन वाजवताना श्वास कुठून घेतो, हे मागे बसून निरखता निरखता आपण दमसास शिकलो, असं सिनात्राने स्वतःच सांगितलं आहे. म्हणजे बघून शिकला. त्या काळजी करणाऱ्या आईला मी फोनवर हेच सांगायला हवं होतं.

माईकचंही तसंच. आमच्या मुली माईक ओठांना चिकटवून गातात, कारण स्पर्धांमध्ये त्यांनी तेच बघितलं आहे. सिनात्राचा हात बघा म्हणते मी. वरच्या सुराला माईक लांब, कुजबुजीला जवळ, आणि 'प', 'ब' अशी ओठ फुटणारी अक्षरं आली की थोडा बाजूला. तो हात वाद्य वाजवणाऱ्याचाच हात आहे.

एल्विस प्रेस्लीचा १९६८ चा कार्यक्रम मला स्वतःला सगळ्यात जास्त हलवतो. आपल्या घरोघरी ज्या सिंगर कंपनीची शिलाई मशीन होती, तीच कंपनी या कार्यक्रमाची प्रायोजक होती, हे कळल्यावर माझ्या मनात तो उगाचच घरचा झाला. सात वर्षं हा माणूस प्रेक्षकांसमोर गायला नव्हता. सिनेमे करत होता. त्याच्या व्यवस्थापकाला नाताळची गाणी हवी होती. दिग्दर्शक स्टीव्ह बिंडर यांनी ते ऐकलं नाही. तालमीनंतर एल्विस आपल्या जुन्या साथीदारांबरोबर खोलीत बसून जे उगाच गात बसायचा, ते बिंडरना कॅमेऱ्यात हवं होतं. खोलीत कॅमेरा न्यायला परवानगी मिळाली नाही, म्हणून तेच एका छोट्या चौकोनी रंगमंचावर केलं. प्रेक्षक चारही बाजूंनी हाताच्या अंतरावर. काळा चामड्याचा पोशाख, जून महिन्यातला स्टुडिओ, दिव्यांची धग. ड्रमवादक डी. जे. फोंटाना यांच्यापुढे ड्रमच नाही. ते गिटारच्या पेटीवर काठ्या वाजवतात. ही आपली बैठकच आहे हो! गाणारा मधे, साथीदार गुडघ्याला गुडघा लावून, चुकलं तर हसणं, नजरेने एकमेकांना जागा देणं. सुरुवातीला तो घाबरलेला आहे, ते लपत नाही. आणि तिसऱ्या-चौथ्या गाण्याला भीती कुठेतरी निघून जाते, तेही लपत नाही. भीती जाते कशी, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. ते फक्त बघता येतं.

भीतीवरून बार्ब्रा स्ट्रायसँड आठवते. १९६७ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये तिने एक लाखाहून अधिक लोकांसमोर गायलेला कार्यक्रम पुढच्या वर्षी टीव्हीवर दाखवला गेला. त्या रात्री ती गाण्याचे शब्द विसरली. त्याची धास्ती तिने इतकी घेतली की पुढे कितीतरी वर्षं ती मोठे जाहीर कार्यक्रम टाळत राहिली. हे तिनेच नंतर सांगितलं. हे कळल्यावर तो कार्यक्रम परत बघायचा असतो. एवढी खात्रीने उभी दिसणारी बाई आतून काय सोसत होती, ते समजून मग तिचे डोळे बघायचे.

इजिप्तच्या उम्म कुलथूम यांच्या कार्यक्रमाला मुली आधी कंटाळतात. एकच गाणं, तासभर. हातात रुमाल, मागे भलामोठा वाद्यवृंद, आणि त्या सरळ उभ्या. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रात्री त्यांचं गाणं रेडिओवरून जायचं आणि साऱ्या अरबी मुलखात लोक ते ऐकत बसायचे. साठच्या दशकातली टीव्ही चित्रणं आज बघायला मिळतात. त्यात एक ओळ त्या गातात, प्रेक्षक कळवळून ओरडतात, त्या तीच ओळ पुन्हा घेतात, वेगळ्या वळणाने. पुन्हा दाद. पुन्हा तीच ओळ, आता तिसऱ्या वळणाने. अर्ध्या तासानंतर आमच्या खोलीतल्या मुली "वा!" म्हणायला लागतात. शब्दाचा अर्थ एकीलाही कळत नसतो. ठुमरीत बोल बनवणं म्हणजे काय, हे मला त्यानंतर वेगळं शिकवावं लागत नाही.

मग मी बेगम अख्तर लावते. त्या १९७४ च्या ऑक्टोबरात गेल्या, म्हणून दूरदर्शनकडे त्यांची जी चित्रणं आहेत ती कृष्णधवल. समोर स्वतःची पेटी. वरच्या सुराला जाताना त्यांचा आवाज जो चिरतो, त्याला जाणकार 'पत्ती' म्हणतात आणि त्यावर जीव टाकतात. रेकॉर्डवर ऐकताना मला नेहमी वाटायचं की ते आपोआप होत असेल. चित्रात बघितलं आणि लक्षात आलं की त्या तिथे येऊन हलकंच हसतात. त्यांना माहीत आहे काय येणार आहे.

आणि बाबूजी. सुधीर फडक्यांशिवाय पुण्यात सुगम संगीताचा वर्ग होऊ शकत नाही. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाची छप्पन्न गाणी आठवड्यामागून आठवडे गेली. लोक रेडिओपुढे हात जोडून बसायचे असं माझी आई सांगायची. ते सगळं ऐकलेलं, बघितलेलं काहीच नाही. पुढे दूरदर्शनने बाबूजींना पेटीवर बसून गाताना चित्रित केलं, म्हणून आज मी मुलींना त्यांचे ओठ दाखवू शकते. जोडाक्षर कसं पूर्ण उच्चारायचं आणि तरी सुराला धक्का लावायचा नाही, ते त्या ओठांवर आहे. माडगूळकरांचा एकेक शब्द ते हातात घेतल्यासारखा उच्चारतात. मी हे वर्षानुवर्षं तोंडाने सांगत होते. पाच मिनिटांच्या चित्राने जे झालं ते माझ्या सांगण्याने झालं नव्हतं.

जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाही. त्या काळच्या टीव्हीवर आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर नुसते ओठ हलवण्याचे कार्यक्रम ढीगभर झाले. ते मी लावत नाही, गायक कितीही मोठा असो. गळ्याची शीर हलत नाही आणि सूर मात्र तार सप्तकात, हे बघताना मला फसवल्यासारखं वाटतं. चार-चार ओळींच्या गाण्यांच्या माळा गुंफणारे कार्यक्रमही नकोत. गाणं सुरू होऊन रंगायच्या आत दुसरं लागतं, त्यातून शिकायचं काय?

आजच्या कार्यक्रमांचं चित्रण मात्र मला दुःख देतं, आणि हे मी मनापासून लिहिते आहे. वीस कॅमेरे, वर फिरणारा ड्रोन, मागे इमारतीएवढा पडदा, आणि दर दोन सेकंदांनी चित्र बदलतं. गायिकेने आलाप सुरू केला की आपण प्रेक्षकांतल्या एका रडणाऱ्या मुलीकडे जातो, तिथून आकाशात, तिथून ड्रमवर. परत येईपर्यंत आलाप संपलेला. आज उत्तम गाणारे कमी नाहीत. माझ्या मते काही बाबतींत तयारी पूर्वीपेक्षा जास्त आहे. पण त्यांना गाताना कुणी बघूच देत नाही. पन्नास वर्षांनी एखाद्या शिक्षिकेला आजच्या चांगल्या गायिकेचा श्वास दाखवायचा झाला, तर तिला सलग वीस सेकंदांचा तुकडा मिळेल का?

आणि जे होतं त्यातलंही किती गेलं! तेव्हाची दोन इंच रुंदीची व्हिडिओ टेप फार महाग होती. एकदा कार्यक्रम दाखवून झाला की तीच टेप पुसून पुन्हा वापरायची, ही जगभरची रीत होती. बीबीसीसारख्या संस्थेतही सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत हे चाललं. आपल्याकडच्या जुन्या कार्यक्रमांचंही बरंच तसंच गेलं. वाड्यात मी बघितलेल्या त्या भावगीताचं चित्रण मी खूप शोधलं. मिळालं नाही.

माझ्या घरचीही एक गोष्ट आहे. माझ्या बाई फार प्रसिद्ध नव्हत्या. पेठांमधल्या लोकांना त्या माहीत होत्या, बाहेर फारशा नाहीत. १९८६ साली त्यांचा एक मोठा कार्यक्रम झाला आणि लग्नांची शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्यांनी तो व्हीएचएसवर घेतला. एकच कॅमेरा, तिवईवर, जागचा न हललेला. कॅसेट नात्यातल्या एका घरी ठेवायला दिली. काही वर्षांनी बाई गेल्या. दिवस उलटल्यावर मी कॅसेट मागायला गेले. लावली. बाई येऊन बसल्या, नमस्कार केला, तानपुरा जुळला, गाणं सुरू झालं. चार मिनिटांनी पडद्यावर मुंग्या आल्या, आणि मग कुणाच्या तरी लग्नातली सीमांतपूजनाची पंगत. त्या घरच्यांना कल्पनाच नव्हती. रिकामी कॅसेट समजून वापरली गेली. त्यांचा दोष मी मानत नाही. पण त्या दिवशी रिक्षाने परत येताना लकडी पुलावर मला रडू आवरलं नाही.

म्हणून एक विनंती आहे, आणि ती याच पोस्टमध्ये करते. तुमच्या माळ्यावर, दिवाणात, बंद कपाटात गाण्याच्या कार्यक्रमाची व्हीएचएस कॅसेट असेल तर ती आज खाली काढा. पुण्याच्या पावसाळ्यात टेपला बुरशी धरते. झडपेतून आत पांढरे डाग दिसले तर ती जुन्या व्हीसीआरमध्ये घालू नका, टेपही जाईल आणि यंत्रही. जाणकाराकडून आधी साफ करून घ्या. डिजिटल करताना पूर्ण करा. साथीदार तबला जुळवताहेत तो भाग, पाणी पिण्याचा भाग, मधलं बोलणं, काही कापू नका. आणि पेटीवर कोण, तबल्यावर कोण, कार्यक्रम कुठला, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. ते सांगणारी माणसं आहेत तोवर.

त्या आईने विचारल्यानंतरच्या शनिवारी मी कुठलाही मोठा कार्यक्रम लावला नाही. बाईंची ती चार मिनिटं लावली. इतकी वर्षं ती मी कुणाला दाखवली नव्हती. रंग उडालेले, खालच्या कडेला चित्र थरथरतं. बाईंच्या मागे तानपुऱ्यावर चोवीस वर्षांची मी बसले आहे, दोन वेण्या घातलेली. मुली आधी माझ्यावरून हसल्या, मग गप्प झाल्या. चार मिनिटं संपली, मुंग्या आल्या आणि मी टीव्ही बंद केला.

तेवढ्यात ज्या मुलीच्या आईचा फोन आला होता, ती म्हणाली, "ताई, परत लावा ना. पहिल्या ओळीच्या आधी त्या तुमच्याकडे बघतात आणि तुम्ही दोघी एकदमच श्वास घेता."

मी हे कधीच बघितलं नव्हतं. मी नेहमी बाईंकडेच बघत आले होते. आम्ही परत लावलं.